पॉवर सप्लायला अक्कल नसते: घरच्या घरी लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज करण्याची रीत

पावसाळाभर स्कूटर पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी असते आणि ऑक्टोबरात बटण दाबलं की नुसतं ‘टक्’ होतं. कॉम्प्युटरचा यूपीएस लाइट जाताच दोन शिट्ट्या मारतो आणि मान टाकतो. आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये असं काही झालं की खालच्या मजल्यावरचे काका माझं दार वाजवतात. “तुझ्याकडे तो आकडेवाला डबा आहे ना, त्याच्यावर होईल का रे चार्ज?”

होईल, आणि नीट केलं तर रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरपेक्षा चांगलं होईल. तो ‘आकडेवाला डबा’ म्हणजे बेंच पॉवर सप्लाय. माझा ० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा आहे, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून खांद्यावर आणलेला. त्याला एक बटण व्होल्टेजचं, एक करंटचं. चांगला चार्जर आणि हा डबा यांत फरक एवढाच की बॅटरी भरली हे चार्जरला कळतं, डब्याला कळत नाही. तुम्ही १६ व्होल्ट लावून झोपलात तर तो इमानदारीत रात्रभर १६ व्होल्ट देत राहील. मी यात एक बॅटरी आणि एक ट्रान्झिस्टर गमावला आहे. तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधीच सांगतो, हे फक्त लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी आहे. लिथियमच्या बॅटऱ्यांना यातलं काही लावू नका, ई-स्कूटरच्या तर अजिबात नाही. आणि घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी या डब्यावर चार्ज करायला बसू नका. ५ अँपिअरने ती भरायला दीड-दोन दिवस लागतील आणि तेवढा वेळ पूर्ण ताकदीने चालायला हे सप्लाय बनवलेले नसतात. स्कूटर-बाइकची ४ ते ९ एएच, यूपीएसची ७ एएच, फार तर छोट्या गाडीची ३५ एएच, इतकंच.

१. सामान गोळा करा

• करंट लिमिट, म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त करंट जाऊ न देण्याची सोय, असलेला पॉवर सप्लाय. फक्त व्होल्टेज बदलता येणारा अडॅप्टर चालणार नाही.
• मल्टिमीटर. सप्लायच्या आकड्यांवर विसंबू नका. माझा डबा ०.१५ व्होल्ट जास्त दाखवतो आणि या कामात तेवढा फरक मोठा असतो.
• लाल-काळी वायर, दीड चौरस मिलिमीटरची, टोकाला मगरीच्या जबड्यासारख्या क्लिपा.
• फ्यूज आणि फ्यूज होल्डर. छोट्या बॅटरीला ३ अँपिअरचा.
• एक शॉट्की डायोड. १ अँपिअरच्या आसपास चार्ज करणार असाल तर १एन५८२२ पुरतो, गाडीच्या बॅटरीसाठी १०एसक्यू०४५ घ्या. हा कशाला, ते पुढे येईल.
• डोळ्यांना गॉगल, रबरी हातमोजे, बादलीभर पाणी, थोडा खायचा सोडा.
• पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

आणि एक कागद: बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. वॉरंटी शिल्लक असेल तर हे उद्योग करण्याआधी बॅटरी दुकानात दाखवा. घरी झाकणं उचकटलेली बॅटरी दुकानदार परत घेत नाही, आणि त्याची बाजू चुकीची नसते.

२. बॅटरी कुठल्या जातीची आहे ते बघा

वर सहा बुचं असतील आणि अंगावर ‘अप्पर’, ‘लोअर’ अशा रेघा असतील तर ती पाण्याची बॅटरी. बुचं नसतील तर सीलबंद. यूपीएसमधली आणि हल्लीच्या बहुतेक स्कूटरमधली सीलबंदच असते. सीलबंदमध्येही एजीएम (अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं) आणि जेल (अ‍ॅसिड घट्ट केलेलं) असे प्रकार आहेत. लेबलवर ‘जेल’ असेल तर तिला एजीएमपेक्षा थोडं कमी व्होल्टेज मानवतं, तेव्हा लेबलवरचाच आकडा पाळा.

लेबल नीट वाचा. यूपीएसच्या ७ एएच बॅटरीवर बहुधा दोन व्होल्टेज छापलेली असतात: ‘सायकल यूज’साठी (वापरून पुन्हा भरायची, आपलं काम हेच) १४.४ ते १५ आणि ‘स्टँडबाय’साठी (कायम चार्जरला जोडलेली) १३.५ ते १३.८. शेजारी कमाल करंट असतो, ७ एएचला साधारण २.१ अँपिअर. लोक ते २.१ पाहतात आणि करंटचं बटण तिथे नेऊन ठेवतात. ती वरची हद्द आहे. तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही.

बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी असेल तर इथेच थांबा. फुगलेली बॅटरी चार्ज होऊन सपाट होत नाही.

३. चार्जिंगच्या आधी मोजा

बाइकमधून बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचा, मग प्लस. उलट केलंत आणि पाना चासीला लागला तर जी ठिणगी उडते ती विसरता येत नाही. काढलेली बॅटरी दोन-चार तास नुसती ठेवा आणि मग व्होल्टेज मोजा. लगेच मोजलेला आकडा फसवा असतो.

१२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. १२ म्हणजे पाव शिल्लक. ११.५ म्हणजे रिकामी आणि नाराज. १०.५ च्या आसपास असेल तर दोन शक्यता आहेत: एकतर पार पिळून काढलेली, किंवा सहापैकी एक सेल गेलेला. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो, त्यामुळे एक गेला की बरोब्बर तेवढाच खड्डा पडतो.

पाण्याच्या बॅटरीत आत डोकावा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आता टाका. वरच्या रेघेपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेलं अ‍ॅसिड बुचांतून बाहेर येऊन गॅलरीची फरशी खातं. आमच्या फरशीवर तो पांढरा डाग अजून आहे. अ‍ॅसिड विकत आणून ओतायच्या भानगडीत पडू नका. कमी होतं ते पाणी, अ‍ॅसिड जागेवरच असतं.

४. दोन आकडे ठरवा

पहिला करंट. एएचच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करा: ७ एएचला ०.७ अँपिअर, ५ एएचला ०.५, ३५ एएचला ३.५. हळू वाटेल, पण बॅटरी गरम होत नाही आणि तुम्हाला चूक सुधारायला वेळ मिळतो.

दुसरा व्होल्टेज, आणि इथे आपली हवा आडवी येते. पुस्तकातला १४.४ व्होल्टचा आकडा २५ अंश तापमानासाठीचा आहे. नवी मुंबईत मे महिन्याच्या दुपारी ग्रिलच्या गॅलरीत २५ अंश कुठून आणणार? तापमान वाढलं की तेवढ्याच व्होल्टेजला बॅटरी जास्त करंट ओढते, त्याने आणखी तापते, म्हणून आणखी ओढते. सीलबंद बॅटरी फुगते ती याच चक्रात. त्यामुळे २५ च्या वर दर अंशाला साधारण २५ मिलिव्होल्ट कमी करायचे. ३५ अंशाला पाव व्होल्ट कमी, म्हणजे १४.१५. मी उन्हाळ्यात १४.१ आणि डिसेंबर-जानेवारीत १४.४ लावतो, अधल्यामधल्या हवेत १४.२ ते १४.३. थोडं कमी लावलं तर फक्त वेळ जास्त जातो. थोडं जास्त लावलं तर सीलबंद बॅटरीतलं पाणी वायू होऊन जातं, आणि ते परत टाकायला बुच नसतं.

५. डायोड आणि फ्यूज: हे टाळू नका

दोन वर्षांपूर्वी जुलैत मी एक ७ एएचची बॅटरी रात्री लावून झोपलो. पहाटे धो धो पाऊस, लाइट गेली. उठून बघतो तर अंधारात डब्याचा डिस्प्ले मिणमिणत होता. सप्लाय बंद, पण बॅटरीच उलटी सप्लायला पोसत होती. लाइट आल्यावर बॅटरी १०.८ वर आणि डब्यातला एक ट्रान्झिस्टर गेलेला.

पॉवर सप्लाय करंट द्यायला बनवलेला असतो, घ्यायला नाही. म्हणून सप्लायचा प्लस आणि बॅटरीचा प्लस यांच्या मध्ये शॉट्की डायोड लावायचा, त्याच्यावरची पट्टी बॅटरीच्या बाजूला. आता करंट एकाच दिशेने जाईल.

डायोड बदल्यात थोडं व्होल्टेज खातो: ०.७ अँपिअरला ०.३ ते ०.४ व्होल्ट, आणि करंट उतरत गेला की कमी कमी. यातला सापळा लक्षात घ्या. सुरुवातीला मल्टिमीटर बॅटरीवर धरून १४.२ येईपर्यंत बटण फिरवत गेलात, तर शेवटी करंट घटल्यावर डायोड कमी खाईल आणि बॅटरीवर १४.२ च्या बरंच वर व्होल्टेज जाईल. म्हणून सप्लायवर हव्या त्या आकड्यापेक्षा ०.२ व्होल्ट जास्त लावा आणि बारीक फिरवाफिरव शेवटच्या तासात, करंट उतरल्यावर, मीटर बॅटरीच्या खांबांवर, म्हणजे प्लस-मायनसच्या टोकांवर, धरून करा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ हवा, सप्लायजवळ नव्हे. ७ एएचची इवलीशी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लालभडक करण्याइतका करंट सहज देते. आणि क्लिपा उलट्या लागल्या, प्लसला मायनस, तर बहुतेक सप्लायच्या तोंडाशी असलेल्या संरक्षक डायोडमधून बॅटरी आपला सगळा राग काढते. अशा वेळी फ्यूज उडाला तर सुटलात.

६. सप्लाय सेट करा, बॅटरी न जोडता

१. बॅटरी दूर ठेवा. सप्लाय चालू करून व्होल्टेज ठरवलेल्या आकड्यापेक्षा ०.२ वर (डायोडसाठी) आणा आणि मल्टिमीटरने पडताळा.
२. करंटचं बटण शून्यावर न्या. आता सप्लायच्या लाल-काळ्या क्लिपा एकमेकींना लावा. दचकू नका, करंट लिमिट असलेल्या सप्लायला हे चालतं. हळूहळू करंट ०.७ पर्यंत चढवा. क्लिपा सोडवा.
३. ‘ओव्हीपी’ म्हणजे जास्त व्होल्टेजला आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती १५ वर ठेवा. मांजराने बटण फिरवलं तरी मग फार बिघडत नाही. आमच्याकडे मांजर नाही, भाचा आहे.

क्लिपा एकमेकींना लावण्याचा प्रकार बॅटरी जोडलेली असताना चुकूनही करायचा नाही. वाचायला विनोदी वाटतं, पण करंट सेट करायचं विसरलेला माणूस घाईत नेमकं हेच करतो.

७. जागा निवडा आणि जोडा

चार्ज होताना, विशेषतः शेवटी, बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी बंद कपाटात नको, गॅसच्या शेगडीजवळ नको, देवघरातल्या समईजवळ तर नकोच. जिन्यात किंवा लिफ्टसमोर ठेवलीत तर सोसायटीचे सेक्रेटरी येतील, आणि बरोबरच येतील.

मी बॅटरी गॅलरीत प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवतो आणि सप्लाय आत, कारण पावसाचे शिंतोडे आणि २३० व्होल्ट एकत्र नकोत. वायर खिडकीतून बाहेर जाते. वायर लांब झाली की तीही थोडं व्होल्टेज खाते, तेव्हा मोजायचं ते बॅटरीवरच.

खाडीच्या दमट हवेने बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली असते. सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने ती घासून कोरडी करा, पण सोड्याचा थेंबही बुचांतून आत जाऊ देऊ नका. पुडीवर क्लिप लावलीत तर मोजमाप सगळं खोटं येतं.

सप्लायचं आउटपुट बंद. लाल प्लसला, काळी मायनसला. डोळ्यांनी पाहा, मग मल्टिमीटरने पाहा, मग आउटपुट चालू करा.

८. घड्याळ नाही, करंट बघा

सुरुवातीला करंट ०.७ वर अडकलेला असेल आणि व्होल्टेज तुम्ही लावल्यापेक्षा कमी, समजा १२.८. डब्यावर ‘सीसी’चा (करंट स्थिर) दिवा. काही तासांनी व्होल्टेज चढत चढत ठरलेल्या आकड्याला पोचतं, दिवा ‘सीव्ही’वर (व्होल्टेज स्थिर) उडी मारतो आणि तिथून करंट उतरायला लागतो. इथे बरेच जण ‘झाली’ म्हणून काढतात. ती पाऊण-एक भरलेली असते. उरलेला भाग सावकाश भरतो आणि तोच नेहमी अर्धवट ठेवला तर प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात, बॅटरी हळूहळू आक्रसते.

करंट एएचच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्शावर आला, ७ एएचला ०.०७ ते ०.१४ अँपिअर, आणि तासभर तिथेच घुटमळला, की भरली. अर्धी रिकामी ७ एएच बॅटरी असेल तर सगळे मिळून सात-आठ तास धरा. रविवारी सकाळी नऊला लावा, संध्याकाळच्या चहाला होते. रात्री लावून झोपू नका.

दर तासाला बॅटरीला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नाही इतकी गरम झाली तर बंद करा.

तीन प्रसंगी गोष्टी अशा सरळ चालत नाहीत:

व्होल्टेज क्षणात १४.२ वर जातं आणि करंट ०.०१ दाखवतो. बॅटरी भरलेली नाही, फार दिवस रिकामी राहून आखडली आहे. तशीच लावून ठेवा. काही तासांनी करंट आपणहून वाढायला लागला तर तिच्यात जीव आहे. दिवसभरात हललाच नाही तर गेली. ‘३० व्होल्टचा झटका द्या’ असा सल्ला देणारे भेटतील. मी सीलबंद बॅटरीवर तो प्रयोग केला होता. गमावलेली बॅटरी ती हीच.

व्होल्टेज १२ च्या आसपास रुतून बसतं, करंट उतरत नाही, बॅटरी एका बाजूला गरम. आतला सेल शॉर्ट आहे. बंद करा, भंगार.

सडक्या अंड्यासारखा वास. लगेच आउटपुट बंद, खिडक्या उघड्या, बॅटरी थंड होईपर्यंत जवळ जाऊ नका.

दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या २४ व्होल्टच्या यूपीएसमध्ये दोन्ही सुट्या करून एकेक चार्ज करा. एकत्र केल्या तर धडधाकट बॅटरी ओसंडते आणि अशक्त उपाशी राहते.

९. काढताना

आधी आउटपुट बंद, मग क्लिपा. उलट केलंत तर क्लिप निघताना ठिणगी उडते आणि ती नेमकी हायड्रोजन जमलेल्या जागी उडते. पाण्याच्या बॅटरीत आता डिस्टिल्ड वॉटर वरच्या रेघेपर्यंत भरा. खांबांवर पेट्रोलियम जेली बोटाने लावा. गाडीत बसवताना आधी प्लस, मग मायनस.

अ‍ॅसिड डोळ्यात उडालंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि मग डॉक्टर. सोडा फरशीसाठी आहे, डोळ्यासाठी नाही.

१०. खरी परीक्षा

रात्रभर नुसती ठेवलेली बॅटरी सकाळी १२.७ दाखवते आणि माणूस खूश होतो. मरायला टेकलेली बॅटरीही १२.७ दाखवू शकते. लहानशा पेल्यातही पाणी काठापर्यंत भरतंच की. पेला केवढा उरलाय ते बघायला लोड लावावा लागतो.

मी बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावतो. तो पावणेदोन अँपिअर खातो. धडधाकट ७ एएच बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला तीन तासांच्या आसपास घेते. दीड तास टिकली तर यूपीएसमध्ये काम सेव्ह करण्यापुरती ठीक. अर्ध्या तासात बसली तर तिच्यावर आणखी रविवार घालवू नका. १०.५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि परीक्षा झाली की त्याच दिवशी पुन्हा चार्ज करायचं. स्कूटरच्या बॅटरीला हा बल्ब नको. ती गाडीत बसवा, मीटर लावा आणि स्टार्टर मारा. माझा ठोकताळा असा की त्या क्षणी व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळलं तर बॅटरी बदलायची वेळ आली.

बाद झालेली बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ती फोडून अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं विकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतातच. ‘जुनी देऊन किती, न देता किती’ असे दोन्ही भाव विचारा. नवी घ्यायला जाताना मल्टिमीटर खिशात ठेवा. फळीवरच्या बॅटरीवरची बनवल्याची तारीख वाचा, व्होल्टेज मोजा आणि १२.५ च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करतो, पण काढून देतो.